न शिवलेले चौकोन: जुन्या नऊवारीतून विसाव्याची चौघडी करण्याची रीत

गोधडी घरातल्या सर्वांच्या झोपेसाठी शिवली जाते आणि ती शिवून होते मात्र शिवणारीच्या झोपेच्या वेळात. दुपारची भांडी आवरली की ओसरीवर जुनी लुगडी पसरायची आणि चहाची वेळ होईपर्यंत टाके घालायचे, हा क्रम महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत चालू होता आणि काही गावांत आजही आहे. त्या दोन तासांना बायकांची विश्रांती म्हटले जाई, कारण हात चालत असले तरी बूड टेकलेले असे. खाली सांगितलेली चौघडी याच विसंगतीवर बेतलेली आहे. एका बाईचा एक दिवस एका लुगड्यावर मांडायचा, ज्या वेळी काम आहे तिथे टाके घालायचे आणि ज्या वेळी विसावा आहे तिथे कापड मोकळे सोडायचे. टाके दाट पडले की सुती कापड ताठ होते आणि मोकळे सोडलेले कापड मऊ राहते. त्यामुळे पुरी झालेली चौघडी डोळे मिटून नुसती चाचपली, तरी त्या दिवसात विसावा कुठे होता आणि किती होता हे हाताला कळते.

दिवसाची विभागणी करण्यासाठी एक तयार माप उपलब्ध आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचे जे सर्वेक्षण केले, त्यात पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे २४ तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ भागांत मोडून माहिती घेतली होती. घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यातून दिसले. आपल्या चौघडीवरही ४८ चौकोन असतील. त्या हिशेबाने घरकाम करणाऱ्या बाईचे सरासरी सुमारे दहा चौकोन केवळ त्या कामाने भरतात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचे तीन. मुलांचा व म्हाताऱ्यांचा सांभाळ यात धरलेला नाही, तो वेगळा मोजला आहे.

कापडापासून सुरुवात करू. चार थरांची ती चौघडी, आणि नऊवारी लुगडे या कामाला इतके चपखल बसते की जणू त्यासाठीच विणले असावे. नऊ वार म्हणजे सुमारे ८ मीटर २० सेंटिमीटर. त्याचे चार थर केले की प्रत्येक थर २ मीटर ५ सेंटिमीटर लांबीचा होतो. पन्हा साधारण ११४ ते १२० सेंटिमीटर असतो, म्हणजे एका बाईच्या एका लुगड्यात एका बाईचे अंथरूण पुरे होते. यात आणखी एक सोय आहे: लुगड्याला कात्री लावावी लागत नाही. आई किंवा आजी गेल्यानंतर तिचे लुगडे कापण्याचा जीव होत नाही म्हणून ते वर्षानुवर्षे ट्रंकेत पडून राहते आणि घडीवर विरून जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. इथे ते फक्त दुमडायचे आहे. नऊवारी नसेल तर दोन सुती पाचवारी साड्यांतून काम भागते, फक्त जोड वरच्या थरात येणार नाही असे पाहावे.

लुगडे पूर्ण सुती आहे याची खात्री आधी करून घ्यावी, कारण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या पुष्कळ 'सुती' साड्यांत पॉलिस्टर मिसळलेले असते. काठापासून एक धागा ओढून तो चिमट्यात धरावा आणि पाण्याने भरलेल्या ताटलीवर पेटवावा. सूत असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो आणि मऊ, करडी राख उरते; पॉलिस्टर असेल तर धागा वितळून काळा, टणक मणी बनतो. जुन्या इरकली लुगड्याचा पदर पुष्कळदा रेशमी असतो. रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो, आणि असे लुगडे घ्यायला काही हरकत नाही. मात्र ते धुताना सोडा वापरू नये.

लुगडे कोणते निवडावे, या प्रश्नावर घाई करू नये. परंपरेने बाईला चारचौघांत आडवे होण्याची मुभा जवळपास तीनच प्रसंगी मिळत आली आहे: माहेरी, बाळंतपणाच्या सव्वा महिन्यात आणि 'बाजूला बसण्याच्या', म्हणजे पाळीच्या, दिवसांत. या तिन्हींचे अंथरूण वेगवेगळे असे. माहेरी आईची मऊ पडलेली गोधडी मिळे. बाळंतिणीला बाज, शेक-शेगडी आणि बाळासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी असत. आणि बाजूला बसलेल्या बाईला कित्येक घरांत कोपऱ्यातली वेगळी घोंगडी किंवा एखादे जुनेर दिले जाई, ज्याला इतरांनी शिवायचे नाही असा दंडक होता. गडचिरोलीतल्या माडिया-गोंड गावांत तर त्यासाठी वस्तीपासून दूर 'कुर्मा घर' असते. तिसऱ्या प्रसंगी जी विश्रांती मिळे तिला अपमानाची किनार होती, तरीही 'तेवढे तीन दिवस पाठ टेकायला मिळायची' असे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायका भेटतात, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. गटाने हे काम करत असाल तर पहिल्या बैठकीत शिवण काढूच नये. प्रत्येकीने आपले लुगडे मांडीवर घेऊन, या तीनपैकी कोणत्या अंथरुणाची आठवण आपल्याला आहे एवढेच सांगावे. पुढचे काम त्या बोलण्यावर उभे राहते.

निवडलेले लुगडे कोमट पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवावे आणि त्यातली खळ पूर्ण काढून टाकावी. खळ राहिली तर कसर लागते आणि सुईही अडते. लाल आणि गडद निळा रंग जातो की नाही, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. रंग जात असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धूत राहावे. अशा वेळी पाण्यात मीठ टाकण्याचा सल्ला हटकून मिळतो; आधीच रंगवलेल्या कापडावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. वाळल्यावर लुगडे उजेडासमोर धरून पाहावे. नेसताना ज्या भागावर बसले जाते तो भाग सर्वांत आधी विरतो. तो मधल्या थरांत जाईल अशी घडी करावी, आणि फाटले असेल तिथे आतून सुती ठिगळ द्यावे.

दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा चिवट असतो आणि विरलेल्या सुताला कालांतराने कापतो. खादी भांडारातून जाडसर, पीळ दिलेल्या सुताची १०० ग्रॅमची लड आणली तर एका चौघडीला पुरून उरते. ती पांढरीच वापरली तरी चालेल, पण रंगवायची असेल तर डाळिंबाच्या सालीइतका भरवशाचा आणि फुकटचा रंग दुसरा नाही. लड सैल बांधून साबणाच्या पाण्यात उकळून घ्यावी. २० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून त्यात ती रात्रभर भिजवावी, आणि न खळबळता वाळवावी. दुसऱ्या दिवशी १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात तासभर ठेवावी. डाळिंबाच्या १०० ग्रॅम वाळक्या साली आदल्या रात्री भिजत घातलेल्या असाव्यात. त्या तासभर उकळून, गाळून, त्या पाण्यात लड मंद आचेवर पाऊण तास ठेवावी आणि पातेल्यातच निवू द्यावी. मोहरीच्या फुलापेक्षा जरा मळकट असा पिवळा रंग चढतो. पातेले स्टीलचे घ्यावे आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. गंजलेले खिळे घातलेल्या पाण्यात बुडवून हाच पिवळा हिरवट-करडा करता येतो, पण लोहाने सूत हळूहळू कुजते, म्हणून दोऱ्यासाठी हा मोह टाळावा. हळदही टाळावी, तिचा रंग उन्हात फार लवकर उडतो.

आता घडी. स्वच्छ झाडून-पुसून घेतलेल्या जमिनीवर लुगडे पसरावे आणि निऱ्या घालतो तशी, एकदा इकडे आणि एकदा तिकडे, २ मीटर ५ सेंटिमीटरची आडवी घडी घालत जावे. पदर सर्वांत वर यावा. प्रत्येक थर टाकल्यावर मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढाव्यात. या वेळी राहिलेली सुरकुती नंतर कशानेही निघत नाही. चारही थर बसले की मध्यापासून बाहेर जात, वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळे पक्के करावे. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने कच्च्याच टाक्यांनी चौकोन आखावेत: रुंदीत सहा, प्रत्येकी १८ सेंटिमीटरचे, आणि लांबीत आठ, प्रत्येकी २४ सेंटिमीटरचे. चारही बाजूंना जी पट्टी उरते ती किनारीसाठी आहे. पदराकडच्या डाव्या कोपऱ्यातला चौकोन पहाटे चार ते साडेचारचा. एका ओळीत तीन तास बसतात, त्यामुळे चौथी ओळ दुपारी एक ते चारची येते. पदराकडे डोके करून कुणी या चौघडीवर झोपले, तर मानेखाली पहाटेची कामे येतात, कमरेखाली दुपार येते आणि रात्रीची झोप थेट पायांशी जाते.

शिवण्याआधी दिवस लिहून काढावा लागतो, आणि सगळ्या कामात हाच भाग अवघड आहे. कामाचा एक दिवस आणि सुटीचा एक दिवस असे दोन दिवस वहीत दर अर्ध्या तासाची नोंद करावी. रात्री बसून आठवून लिहिले तर विसावा हमखास वाढतो, कारण आपण मध्येच उठलो होतो हे आपल्याला आठवतच नाही. दोन्ही नोंदींपैकी कोणता दिवस शिवायचा, ते नंतर ठरवावे. सुटीचा दिवस अधिक भरलेला निघाला तर आश्चर्य मानू नये.

वाद होतो तो विसावा कशाला म्हणायचे यावर. मालिका बघत मेथी निवडणे हा विसावा आहे का? लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तो विसावा का? दुपारी पाठ टेकली आहे, पण कान दारावरच्या घंटेकडे आणि पाळण्याकडे आहेत, त्याचे काय? मी स्वतः पाळते तो नियम असा: हात मोकळे हवेत, कान मोकळे हवेत, आणि हाक आली तर ओ देण्याची जबाबदारी त्या अर्ध्या तासापुरती दुसऱ्या कुणाकडे हवी. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर तो पूर्ण विसावा. पाठ टेकली पण कान पहाऱ्यावर राहिले, तर अर्धा. हा नियम कडक आहे अशी तक्रार होते आणि ती रास्त आहे. गटाने आपला नियम आपणच ठरवावा, मात्र तो शिवण सुरू होण्यापूर्वी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, नाहीतर मोकळा चौकोन पाहून मन विरघळते आणि नियम सैल होत जातो.

टाका एकच, धावदोरा. फरक फक्त दिशेचा आणि अंतराचा. घरकामाचा चौकोन दीड सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण बोटभर अंतरावर, आडव्या ओळींनी भरावा. पैशासाठी केलेले काम, मग ते कार्यालयातले असो, शेतावरचे असो की घरी बसून केलेल्या पापड-लोणच्यांचे असो, उभ्या ओळींनी भरावे. सांभाळाचा चौकोन, म्हणजे लेकरू, म्हातारे, आजारी माणूस यांच्यासाठी गेलेला वेळ, आधी आडवा आणि मग उभा, असा दोन्हीकडून भरावा. आंघोळ, जेवण, प्रवास यांना तिरप्या ओळी द्याव्यात आणि त्या तळहाताच्या अर्ध्याएवढ्या अंतरावर विरळ ठेवाव्यात. झोपेच्या चौकोनात कडेपासून चार बोटे आत एकच चौकट फिरवावी. अर्ध्या विसाव्याचा चौकोन कर्णावर दुभागावा आणि त्याचा एकच त्रिकोण भरावा. पूर्ण विसाव्याच्या चौकोनात एकही ओळ घालू नये. मात्र एवढे कापड अगदीच सुटे राहिले तर धुताना थर सरकतात, म्हणून मधोमध चारही थरांतून सुई वर-खाली नेऊन एक गाठ मारावी आणि दोऱ्याची दोन्ही टोके बोटभर लांब सोडावीत.

थोडा हिशेब इथे करण्यासारखा आहे. घरकामाच्या एका चौकोनात १८ सेंटिमीटरच्या सोळा ओळी येतात, म्हणजे जवळपास तीन मीटर शिवण. सरावलेल्या हाताला त्याला साधारण अर्धा तास लागतो. अर्ध्या तासाचे काम शिवायला अर्धा तास. सांभाळाच्या चौकोनाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. मी मापे ठरवली तेव्हा हे योजलेले नव्हते, पण आता ते बदलावेसे वाटत नाही.

याच हिशेबातून बैठकीचे नियम निघतात. संपूर्ण चौघडीला वीस तासांच्या आसपास लागतात, आणि ते वीस तास दुपारच्या झोपेतून काढले तर आपण पुन्हा ओसरीवरच येऊन बसलो. म्हणून ज्या दिवशी शिवायचे, त्या दिवशी घरातले एक काम दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जायला हवे. ते कोणते आणि कोणाच्या, हे आदल्या दिवशी घरात बोलून ठरवावे. एका वेळी चाळीस मिनिटांपेक्षा अधिक शिवू नये. त्यानंतर वीस मिनिटे सुई बाजूला ठेवून खरोखर आडवे व्हावे, आणि गटात असाल तर सगळ्यांनीच व्हावे. पहिल्या एक-दोन बैठकांत बायका संकोचतात, कुणी चहा करायला उठते, कुणी पसारा आवरू लागते; तिला नावाने हाक मारून परत बोलवावे. जमिनीवर पसरून, गोधडीवरच बसून शिवण्याची जुनी पद्धत पाहायला देखणी असली तरी ती गुडघ्यांना आणि कमरेला जाचते, म्हणून जेवणाच्या टेबलावर शिवण्यात कमीपणा मानू नये. अंगुस्तान वापरावे. सुया मोजून काढाव्यात आणि मोजून ठेवाव्यात. अंथरुणात राहिलेली सुई हा विनोदाचा विषय नाही.

सगळे चौकोन झाले की आखणीचे कच्चे टाके काढून टाकावेत. वरच्या-खालच्या कडा पाऊण इंच आत दुमडून बारीक टाक्यांनी तुरपावे. बाजूंना लुगड्याचे काठ तसेच दिसू द्यावेत, चार थरांचे काठ एकावर एक आले की वेगळी किनार लावण्याची गरजच उरत नाही. कोपऱ्यांसाठी मला उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी स्त्रियांची पद्धत फार आवडते. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचा हा समाज हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत राहतो, त्याच्या घरच्या बोलीत कोकणी-मराठीचा अंश आहे, आणि त्यांच्या 'कवंदी'च्या, म्हणजे गोधडीच्या, चारही कोपऱ्यांवर रंगीत चिंध्यांच्या त्रिकोणी घड्या एकावर एक शिवलेल्या असतात. त्यांना त्या 'फुला' म्हणतात, आणि फुलांवाचून कवंदी उघडी-नागडी दिसते असे मानतात. आपण ती फुले घेतली तर कुणाची म्हणून घेतली हे सांगावे. बिहारमधल्या मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या भुसरा गावच्या बायका सुजनीवर, म्हणजे तिकडच्या गोधडीवर, हुंड्यापासून शाळेपर्यंतच्या गोष्टी टाक्यांनी काढतात, तेव्हा जुन्या साडीवर बाईचे आयुष्य मांडणे ही काही नवी युक्ती नाही. त्यांच्याकडे चित्र असते, आपल्याकडे फक्त घनता आहे. कुणाला चित्र काढावेसे वाटले तर सुजनी पाहावी, या चौघडीत ते मिसळू नये.

प्रदर्शन मांडायचे असेल तर चौघडी भिंतीवर टांगू नये. टांगल्यावर ती नकाशासारखी वाचली जाते आणि हाताचे काम संपते. घायपाताच्या वाखाने किंवा अंबाडीच्या दोरीने विणलेली बाज मिळाली तर तीवर ती अंथरावी, शेजारी वहीचे ते पान ठेवावे, आणि येणाऱ्यांना चपला काढून तीवर पडू द्यावे. एकाच घरातल्या बाईची आणि पुरुषाची, एकाच दिवसाची, अशा दोन चौघड्या शेजारी ठेवता आल्या तर फलकावर काही लिहिण्याची आवश्यकता पडत नाही. पुरुषाची चौघडी त्यानेच शिवावी, हे सांगायला नको.

वापरातली चौघडी महिन्यातून एकदा उन्हात टाकावी आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, थंड पाण्यात हाताने धुवावी. पिळू नये, आडव्या काठीवर लांबीत टाकून निथळू द्यावी. ठेवताना कडुलिंबाचा वाळका पाला घालून जुन्या सुती कापडात गुंडाळावी, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. वर्ष-दीड वर्षाने दिवसाची नोंद पुन्हा करून पाहावी. घरात एखादे काम खरोखरच दुसऱ्याकडे गेले असेल, तर त्या अर्ध्या तासाचा चौकोन उसवावा आणि मधोमध एक गाठ मारावी. उसवलेल्या टाक्यांची भोके काही काळ ओळीने दिसत राहतात. दोन-तीन धुण्यांनंतर सूत फुगते आणि ती मिटत जातात.